चक्का की क्रीम चीज? गोड-खारट थरांच्या पदार्थातला मधला थर

काचेच्या पेल्यात खाली खारट चुरा, मध्ये पांढरा मऊ थर आणि वर फळ, असा गोड-खारट पदार्थ घरी करताना क्रीम चीजऐवजी चक्का घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन्ही पांढरे, दोन्ही किंचित आंबट आणि दोन्ही चमच्यावर घट्ट उभे राहणारे असल्यामुळे वजनास वजन अदलाबदल चालेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात क्रीम चीज स्निग्धांशाच्या आधाराने उभे राहते आणि चक्का प्रथिनांच्या जाळीत धरलेल्या पाण्यासह उभा राहतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा फरक थोड्याच वेळात उघड होतो.

गोंधळ वाढवणारा एक आकडा दोन्हींकडे सारखाच आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त ५५ टक्के पाणी असते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांतही चक्क्यासाठी किमान ३३ टक्के स्निग्धांश सांगितला आहे. मात्र तो पाणी वगळून उरणाऱ्या घन भागाचा हिशेब आहे आणि तो घन भाग किमान ३० टक्के असला तरी पुरतो. म्हणजे एकूण वजनात चक्क्याचा स्निग्धांश १० टक्क्यांच्या आसपासही असू शकतो आणि पाण्याचा वाटा ७० टक्क्यांपर्यंत जातो. पंढरपुरी म्हशीच्या दाट दुधाचे दही रात्रभर टांगले, तर चक्का याहून बराच सरस उतरतो, तरीही तो क्रीम चीजच्या जवळ जात नाही.

साखर घातली की हे पाणी बोलू लागते. श्रीखंड करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे की घट्ट चक्क्यात साखर मिसळताच तो सैल पडतो. थरांच्या पदार्थात हीच गोष्ट खालचा चुरा भिजवते. म्हणून चक्का आधी नेहमीपेक्षा अधिक वेळ, शीतकपाटात आणि वर वजन ठेवून निथळावा, साखर दळलेली व बेताची घ्यावी आणि घोटलेली घट्ट साय त्याच्या एक चतुर्थांश प्रमाणात मिसळावी. सायीमुळे चक्क्याचा आंबटपणा मवाळ होतो आणि थराला क्रीम चीजसारखा जिभेवर विरघळणारा गुण येतो.

उन्हाळ्यात मात्र पारडे फिरते. दुधातला स्निग्धांश शरीराच्या तापमानाच्या आसपास वितळतो, त्यामुळे पारा चाळिशीपुढे असताना टेबलावर ठेवलेला क्रीम चीजचा थर ढासळतो. चक्का वितळत नाही. तो फक्त कडेने पाणी सोडतो. जिलेटिनचा आधारही अशा हवेत फारसा टिकत नाही. चायना ग्रास (समुद्री शेवाळापासून मिळणारे अगार) उकळून विरघळवावी लागते, पण एकदा जमली की या उष्णतेतही घट्ट राहते.

मिठाचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. क्रीम चीजमध्ये ते सहसा आधीच असते, चक्क्यात नसते. अर्धा किलो चक्क्याला पाव चमचा मीठ घातल्याशिवाय गोडाला खारट बाजू येतच नाही, आणि तो पदार्थ फळ पसरलेले श्रीखंडच राहतो. खालच्या थरासाठी खारट बिस्किटे चालतात, पण आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी मला अधिक योग्य वाटते. तिचा जाडसर चुरा थोड्या भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटासह वितळलेल्या लोण्यात घोळवला, तर प्रत्येक कणावर लोण्याचा लेप बसतो आणि चक्क्याचे पाणी आत शिरायला वेळ लागतो.

फळांत भगवा जातीच्या डाळिंबाला तोड नाही. दाणा अख्खा असला, तर त्याचा रस पातळ सालीच्या आत राहतो. द्राक्षे चिरून घातल्यास ती लगेच पाझरू लागतात. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आहे. दाणे सोडवताना ते फुटू देऊ नयेत, कापडावर कोरडे करून वाढण्याच्या आधी पसरावेत. न शिजवलेला अननस किंवा पपई मात्र चक्क्यावर आणि क्रीम चीजवरही टाळावी, कारण त्यांतील विकरे (एन्झाइम) दुधाची प्रथिने तोडतात आणि थर कडवट होतो. अननस हवाच असेल, तर तुकडे साखरेत चांगले उकळून, पूर्ण थंड करून आणि पाक निथळून घ्यावेत.