आरएक्सचा सायलेन्सर आणि बुलेटचा सायलेन्सर: एकच सल्ला दोघींना का चालत नाही

"मागची जाळी काढून टाक, गाडी मोकळी पळेल." जुनी गाडी घेतली की हा सल्ला कुणीतरी देतोच. जाळी म्हणजे सायलेन्सरच्या मागच्या टोकात बसवलेला, आवाज दाबणारा भोकांचा भाग. मग ती यामाहा आरएक्स १०० असो की कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०. दोन्हींच्या मागच्या नळीला आपण सायलेन्सरच म्हणतो, त्यामुळे दोन्हींचं काम एकच असणार असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात बुलेटचा सायलेन्सर मुख्यतः धूर बाहेर काढतो आणि आवाज दाबतो. आरएक्सचा सायलेन्सर मात्र इंजिनाचाच भाग आहे. तो बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो.

आरएक्स ९८ सीसीची टू-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. टू-स्ट्रोकला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक असतं. पिस्टन खाली गेला की ते उघडतं, वर आला की बंद होतं. अडचण अशी, की जळालेला धूर बाहेर पडत असतानाच पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण आत येत असतं आणि त्यातलं थोडं धुरामागोमाग निसटून जातं. त्याला परत आत ढकलायचं काम सायलेन्सर करतो. नळी आधी रुंद होत जाते, मग निमुळती होते. धुराबरोबर निघालेली दाबाची लाट रुंद भागातून जाताना मागे ओढ निर्माण करते, निमुळत्या भागावर चेंडूसारखी आपटून परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या बेतात असताना निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये रेटते.

हे किती वेळात घडतं ते बघा. आरएक्सची पूर्ण ताकद ७५०० आरपीएमला (मिनिटाला ७५०० फेरे) मिळते, म्हणजे इंजिनाचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत. पोर्ट त्यातला साधारण निम्मा वेळ उघडा, म्हणजे ४ मिलिसेकंद. गरम धुरात लाट सेकंदाला अंदाजे ५०० मीटर धावते, तेव्हा या वेळात तिचं जाणं-येणं मिळून २ मीटर होतं. अशा इंजिनाची नळी मीटरभराच्या आसपास का असते, ते या हिशोबातून कळतं. लांबी कमी-जास्त केली की लाट लवकर किंवा उशिरा पोहोचते आणि गाडीचा जोर दुसऱ्याच आरपीएमला सरकतो.

या लाटेवर खरा अभ्यास केला तो १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी. १९६१ साली त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९६२ला, सुझुकीने ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. एका नळीच्या आकाराची किंमत एवढी होती.

म्हणून आरएक्सची जाळी काढली की आवाज वाढतो, पण खालचा पिकअप जातो. मिश्रण लीन झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन तापून सीझ (जाम) होण्याची भीती वेगळीच. चांगल्या हाताने बनवलेला एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे लाटेच्या हिशोबाने मुद्दाम घडवलेली फुगीर नळी, ताकद खरोखर वाढवतो, पण वरच्या आरपीएमच्या एका अरुंद पट्ट्यात. रोज सिग्नलला थांबत जाणाऱ्याला तो सुख देणार नाही. जुनी आरएक्स ओढत नसेल तर बहुतेक वेळा सायलेन्सर काजळीने तुंबून चोक झालेला असतो. जाळी बाहेर काढून बघा: टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाची) काळी, चिकट काजळी भोकांवर इतकी चढलेली असते की भोकं दिसतच नाहीत. ती जाळून, खरवडून साफ केली की गाडी पुन्हा श्वास घेते. नवीन काही घ्यायची गरजच नसते.

बुलेटचं गणित वेगळं. ३४६ सीसी, फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एक ठोका. व्हॉल्व्ह असल्याने ताजं मिश्रण निसटण्याचा प्रश्न फारसा नाही. ३००० आरपीएमला बुलेट सेकंदाला २५ ठोके देते, तर आरएक्स ७५००ला १२५. बुलेटचा ठोका सुटा ऐकू येतो तो म्हणून.

इथे एक पक्का गैरसमज आहे: "इंजिनाला बॅक प्रेशर लागतं, म्हणून जाळी काढली की गाडी बसते." फोर-स्ट्रोकला अडथळ्याची गरज नसते. जाळी काढल्यावर गाडी बसते ती कार्ब्युरेटरमुळे. वाट मोकळी झाली, हवा जास्त जाऊ लागली, पेट्रोल मात्र कार्ब्युरेटरच्या जुन्याच जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून येतंय. मग बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी) निळा पडतो आणि थ्रॉटल सोडला की फटाके फुटतात. गाडी पळवून, इंजिन बंद करून लगेच प्लग काढा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. पांढरंफटक असेल तर जेट मोठा हवा. फटाके मात्र बेंड पाइपच्या पॅकिंगमधून हवा शिरली तरी फुटतात, तेव्हा आधी पॅकिंग तपासा.

एवढं सगळं नीट जुळवूनही बुलेटमध्ये ताकदीचा फरक जेमतेम जाणवतो. आवाज मोठा झाला की गाडी जोरात पळतेय असं कानाला वाटतं, एवढंच. आणि त्या आवाजाचा त्रास गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना, तान्ह्या पोरांना होतो, हे मला मनापासून खटकतं.

कायदा दोन्हींना सारखाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२०नुसार आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवलेले आहेत. तरीही बदलायचाच असेल, तर कंपनीचा मूळ सायलेन्सर भंगारात घालू नका. आतून तेलाचा हात मारून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. आरएक्सचा तर नक्कीच, कारण हुबेहूब तसा आतला आकार असलेली नळी बाजारात सहज मिळत नाही.