साडेसात मिलिलिटर रक्तातल्या पाच पेशी

स्तनाचा कॅन्सर हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पोचल्याचं कळलं, की ‘आता किती वेळ आहे?’ असं सरळ फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘मार्कर किती आला?’ एवढंच. सीए १५-३ या मार्करचा, म्हणजे रक्तात मोजता येणाऱ्या कॅन्सरच्या खुणेचा, आकडा चाळीसवरून नव्वदवर गेला की घर गप्प होतं, साठवर उतरला की सगळ्यांना हायसं वाटतं. नळीभर रक्तावर एवढा भरवसा कधी बसला आणि तो कितपत सार्थ आहे, हे पाहायचं तर दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

१८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अ‍ॅशवर्थ या डॉक्टरने कॅन्सरने गेलेल्या एका माणसाच्या पायाच्या शिरेतलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या माणसाच्या कातडीखाली जागोजागी गाठी होत्या, आणि रक्तातल्या काही पेशी हुबेहूब त्या गाठींतल्या पेशींसारख्या दिसत होत्या. पुढे वीस वर्षांनी इंग्लंडमध्ये स्टीफन पॅजेटने स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या. हा कॅन्सर वाटेल तिथे न जाता ठरावीक अवयव गाठतो, असं त्याला दिसलं. बी सगळीकडे उडतं, पण रुजतं मानवणाऱ्या जमिनीतच, हा त्याचा विचार आजही टिकून आहे. बी रक्तातून प्रवास करतं याचा सुगावा असा एकोणिसाव्या शतकातच लागला होता. ते मोजायला मात्र आणखी शंभरहून जास्त वर्षं गेली.

मधल्या काळात पेशींचा नाद सोडून संशोधक गाठीतून रक्तात झिरपणाऱ्या प्रथिनांमागे लागले. १९६५ मध्ये माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए हे प्रथिन सापडलं. खूण हाती लागली असं वाटलं, आणि मग तेच प्रथिन इतर कॅन्सरमध्ये आणि धूम्रपान करणाऱ्या धडधाकट माणसांतही वाढलेलं आढळलं. मार्करच्या इतिहासात हा प्रकार पुन्हा पुन्हा घडतो.

१९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी हवी तीच अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्यालाच चिकटणारा रेणू) हवी तितकी बनवण्याची युक्ती काढली, आणि त्यातून १९८०च्या दशकात सीए १५-३ची चाचणी आली. तिच्यात दोन अँटिबॉडी वापरतात. एक आईच्या दुधातल्या स्निग्ध कणांच्या आवरणावरून तयार केलेली, दुसरी यकृतात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरून. दोन्ही पकडतात एकच प्रथिन, एमयूसी-१. निरोगी स्तनात ते दूधनलिकेच्या आतल्या बाजूलाच असतं. कॅन्सरमध्ये पेशीची आतबाहेरची शिस्त मोडते, प्रथिन पेशीच्या चहूबाजूंना येतं आणि त्याचे तुकडे रक्तात पडू लागतात. आकडा जास्त असेल तर रोगाचं ओझंही बहुधा जास्त असतं. पण यकृताच्या साध्या आजारातही तो वाढतो, काहींमध्ये रोग पसरूनही वाढत नाही. शिवाय नवे उपचार सुरू झाल्यावर पहिले चार-सहा आठवडे औषध लागू पडत असतानाही तो उसळी घेऊ शकतो. म्हणून एकट्या या आकड्यावरून उपचार बदलू नयेत, असं कॅन्सरतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगत आल्या आहेत. (रोजच्या तपासण्यांतली एलडीएच आणि अल्ब्युमिन ही रक्तातली प्रथिनंही रोगाच्या वाटचालीबद्दल बरंच सांगतात, त्यांना कुणी ‘मार्कर’ म्हणून मिरवत नाही इतकंच.)

अ‍ॅशवर्थच्या पेशी पुन्हा चर्चेत आल्या २००४ मध्ये. साडेसात मिलिलिटर रक्त म्हणजे जेमतेम दीड चमचा. त्यात तांबड्या पेशी साधारण तीन हजार कोटी आणि पांढऱ्या काही कोटी. त्यांतून कॅन्सरच्या चार-पाच पेशी वेचायच्या. सेलसर्च या पद्धतीत लोहाचे अतिसूक्ष्म कण अँटिबॉडीत माखून रक्तात सोडतात. ते मुख्यतः गाठीच्या पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि चुंबक लावला की पेशींसकट एका बाजूला ओढले जातात. मग रंग देऊन पांढऱ्या पेशी बाद करायच्या आणि उरलेल्यांची छायाचित्रं माणसाने एकेक करून डोळ्यांखालून घालायची.

मासिमो क्रिस्टोफानिली आणि सहकाऱ्यांनी पसरलेला कॅन्सर असलेल्या १७७ रुग्णांचं रक्त असं तपासलं. नवे उपचार सुरू होण्याआधी पाच किंवा अधिक पेशी सापडलेल्या गटात निम्म्या रुग्ण सुमारे दहा महिन्यांत दगावल्या. पाचपेक्षा कमी पेशींच्या गटात निम्म्याहून जास्त जणी दीड वर्षानंतरही हयात होत्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने चाचणीला परवानगी दिली. पुढे युरोपातल्या १,९४४ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातही पाचचा आकडा टिकला.

इथवर सगळं छान. पण भाकीत खरं ठरलं तरी त्याचं करायचं काय? केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही पेशी पाचच्या वरच राहिल्या, तर औषध लगेच बदलावं, हा साहजिक विचार. अमेरिकेतल्या एस-०५०० चाचणीत नेमकं तेच केलं. अशा १२३ जणींपैकी चिठ्ठी टाकावी तसं निवडून काहींचं औषध बदललं, काहींचं तेच ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला: आयुर्मानात फरक नाही. चाचणीने धोका अचूक ओळखला होता, पण बदलून दिलेली केमोही त्या रोगापुढे तितकीच लंगडी होती. मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात शिकवून जाणारा निकाल हाच वाटतो, आणि चर्चा मात्र त्याची सगळ्यात कमी होते.

दरम्यान तिसरा धागा पुढे सरकला होता. रक्तद्रवात पेशींबाहेर डीएनए तरंगत असतो, हे मांदेल आणि मेते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. २०१३ मध्ये केंब्रिजच्या गटाने ३० स्त्रियांमध्ये तिन्ही चाचण्यांची तुलना केली. गाठीचा डीएनए २९ जणींच्या रक्तात सापडला. सीए १५-३ आणि पेशी दोन्ही मागे पडल्या. डीएनएचा खरा फायदा वेगळाच आहे. प्रथिन किंवा पेशींची संख्या सांगते रोग किती आहे. डीएनए सांगतो तो कुठल्या वाटेने औषधाला चकवतोय. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांना दाद न देणारा ईएसआर-१ जनुकातला बदल रक्तात दिसला, तर त्यासाठी एलासेस्ट्रंट हे औषध एफडीएने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलं, सोबत रक्तचाचणीही.

२०२५ मध्ये सेरेना-६ चाचणीने आणखी एक पाऊल टाकलं. उपचार चालू असलेल्या तीन हजारांहून जास्त रुग्णांचं रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासलं, आणि स्कॅनमध्ये रोग वाढलेला दिसायच्या आधीच, ईएसआर-१मधला बदल रक्तात उमटल्याबरोबर, ३१५ जणांपैकी निम्म्यांची हार्मोन रोखणारी गोळी बदलून कॅमिझेस्ट्रंट हे औषध दिलं. रोग आटोक्यात राहण्याचा काळ ९.२ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. त्यामुळे रुग्ण एकूण जास्त जगल्या का, याचे आकडे तो निकाल जाहीर झाला तेव्हा पुरते हाती आले नव्हते.