त्रिमूल तंत्रिकाशूल : विद्युत्-सूचिचिकित्सा

पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या (त्रिमूल तंत्रिका, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणारी नस) शूलावर ॲक्युपंक्चरच्या सुयांतून स्पंदित विद्युत् प्रवाह देण्याची पद्धती. चेहऱ्याचा लकवा हा सातव्या तंत्रिकेचा विकार असून त्याच्याशी या शूलाची गल्लत करू नये.

शूलाची कळ क्षणभर ते दोन मिनिटे टिकते. बहुधा दुसऱ्या (गालाच्या) व तिसऱ्या (खालच्या जबड्याच्या) शाखेत, एकाच बाजूला. इंदुरात हिवाळ्यात दुचाकीवर लागणारा गार वारा किंवा सकाळचे पोहे चावणेही तिला पुरेसे होते. ‘दाढेत करंट बसतो’ म्हणत रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो आणि चांगली दाढ गमावून बसतो. आयुर्वेदातील ‘अनंतवात’ म्हणजे हाच विकार असे काही वैद्य मानतात. लक्षणांचे साम्य आहे, पण ते पूर्ण नाही.

उगमाबद्दल मतभेद आहेत. सुयांतून वीज सोडण्याची सूचना फ्रेंच वैद्य लुई बर्लिओझ (संगीतकार बर्लिओझ यांचे वडील) यांच्या १८१६ मधील ग्रंथात आढळते. प्रत्यक्ष उपचाराचे श्रेय बहुतेक अभ्यासक फ्रेंच वैद्य सार्लांदिएर यांना देतात. त्यांचा १८२५ चा ग्रंथ गाउट (वातरक्त), संधिवात व तंत्रिकाविकार यांवर आहे. चिनी लेखक प्रारंभ १९३० च्या दशकात धरतात. कल्पना फ्रेंच आणि आजची कार्यपद्धती साधारण १९५० नंतरची चिनी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतात ॲक्युपंक्चर आणले ते सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे चीनमधील सहकारी डॉ. बसू यांनी, कोलकात्यात, १९५९ च्या सुमारास.

सुई ०.२५ मिमी जाडीची, २५ किंवा ४० मिमी लांबीची. टोचण्याचे बिंदू : दुसऱ्या शाखेसाठी ‘सपाई’ (डोळ्याच्या बाहुलीच्या सरळ खाली, हाडाच्या छिद्रावर) व ‘शियाग्वान’, तिसरीसाठी जबड्याच्या कोनाजवळचा ‘ज्याछ’ आणि हनुवटीच्या छिद्रावरील बिंदू; जोडीला हातावरचा ‘हगू’, जो गरोदरपणी वर्ज्य. शियाग्वानचा खळगा गालाच्या हाडाखाली, तोंड मिटलेले असतानाच सापडतो. तोंड उघडले की जबड्याचे टोक पुढे सरकून खळगा भरतो. सुई आत असताना रुग्ण जांभई देईल तर ती वाकते. म्हणून रुग्णाने बोलायचे असते ते सुया काढल्यावर.

यंत्राच्या दोन्ही तारा चिमट्यांनी सुयांना, चेहऱ्याच्या एकाच बाजूला लावतात. बटण शून्यावर असल्याची खात्री करून यंत्र सुरू करावे, मग हळूहळू वाढवत हलकी थरथर जाणवेल तिथे थांबावे. कळ येईल इतका जोर कधीच देऊ नये. २ व १०० हर्ट्झ (सेकंदाला तितकी स्पंदने) आलटून-पालटून, २० ते ३० मिनिटे. चिनी शास्त्रज्ञ हान जिशंग यांच्या संशोधनानुसार २ हर्ट्झला एन्केफॅलिन व एंडॉर्फिन, १०० हर्ट्झला डायनॉर्फिन ही शरीरातलीच वेदनाशामके स्रवतात. प्रवाह दोन्ही दिशांनी समतोल हवा. एकदिश प्रवाहाने विद्युत्-विघटन होऊन सुई गंजते, त्वचा भाजते. चिमटा सुटला तर आधी बटण शून्यावर आणावे, मगच तो परत लावावा. नाहीतर झटका बसतो. सपाईतून सुई काढल्यावर मिनिट-दोन मिनिटे कापसाने दाबले नाही तर डोळ्याखाली काळेनिळे होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास हे हमखास. पेसमेकर असल्यास उपचार करू नयेत. कळ जिथून सुटते त्या जागेवर तीव्र अवस्थेत सुई न टोचता दूरचे बिंदू घ्यावेत.

बरेचसे चिनी अभ्यास लहान व सदोष आहेत. तंत्रिकेच्या मुळावर रक्तवाहिनी टेकली असेल तर सुई ती हटवत नाही. कार्बामाझेपीन हेच पहिले औषध असून ते एकदम बंद करणे धोक्याचे. ॲक्युपंक्चर व्यवसायाचे नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा मध्य प्रदेशातल्या इंदुरात लागू नाही. चेहरा बधिर असेल, दोन्ही बाजूंना दुखत असेल किंवा वय चाळिशीच्या आत असेल, तर सुयांच्या आधी एमआरआय.