स्वीटहार्ट्स वेगळ्या, अवर ऑफ चार्म वेगळा

1940 च्या दशकातल्या अमेरिकेतला बायकांचा बँड फोटोत दिसला की खाली ‘इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम’ असं ठोकून देतात. त्यात बँडप्रमुख फिल स्पिटाल्नीच्या ‘अवर ऑफ चार्म’ या दुसऱ्या, बायकांच्याच वाद्यवृंदाचे फोटोही खपून जातात.

ढोबळ फरक थोडक्यात. स्वीटहार्ट्सची सुरुवात मिसिसिपीतल्या पाइनी वूड्स शाळेत, शाळेसाठी पैसा उभा करायला झाली. 1941 मध्ये मुली शाळेपासून वेगळ्या झाल्या. बँड मुख्यतः कृष्णवर्णीय, पण मिश्र. रॉझ क्रॉनसारख्या गोऱ्या वादकांना अमेरिकेच्या दक्षिणेत वंशभेदाच्या कायद्यांच्या भीतीने चेहऱ्याला गडद रंग फासावा लागे. स्पिटाल्नीचा ताफा गोऱ्या मुलींचा, रेडिओवर नावाजलेला. आणि ‘पुरुष लढाईवर गेले म्हणून या आल्या’ हे पालुपद कृपा करून बंद करा. अमेरिका डिसेंबर 1941 मध्ये युद्धात उतरली, दोन्ही बँड त्याआधीचे.

खरी गल्लत होते ती ‘दोन्हीकडे जॅझच’ या समजुतीने. स्वीटहार्ट्स म्हणजे अस्सल स्विंग बँड, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जॅझचा मोठा ताफा: सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन यांचे तीन गट, मागे पियानो, गिटार, बास, ड्रम्स. एक गट छोटासा तुकडा घोळवत राहतो, दुसरा त्याला उत्तर देतो. मध्येच सोलोची, म्हणजे एकट्या वादकाची, जागा येते. तिथे कागदावर धून नसते, नुसते कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरसमूह) असतात. व्हाय बर्नसाइड टेनर सॅक्सवर किंवा टायनी डेव्हिस ट्रम्पेटवर तिथल्या तिथे धून रचत. अवर ऑफ चार्ममध्ये धून व्हायोलिनकडे, जोडीला हार्प (उभं, मोठं तंतुवाद्य) आणि गाणाऱ्यांचा कोरस. जवळपास सगळं आधी लिहिलेलं, त्यामुळे वादकाला स्वतःचं सांगायला वावच थोडा. मला विचाराल तर जॅझसाठी पहिल्यांदा स्वीटहार्ट्सच ऐका.

पण म्हणून स्पिटाल्नीकडच्या वादक कच्च्या होत्या, असं मुळीच नाही. खांद्याच्या उंचीवर दोन मोठे टॉम-टॉम (एक प्रकारचे ड्रम) लावलेली ड्रमर दिसली की ती व्हायोला स्मिथ, अवर ऑफ चार्मची. ‘बायकांनाही बँडमध्ये घ्या’ असं 1942 मध्ये ‘डाउन बीट’ या जॅझच्या मासिकात ठणकावून लिहिणारी तीच. स्वीटहार्ट्सचे ड्रम्स पॉलीन ब्रॅडीकडे होते. फोटोखाली नाव घालण्याआधी व्हायोलिन आणि हार्प शोधा. दिसले, तर त्या स्वीटहार्ट्स नव्हेत.