खेळण्यांचा सेक्शन

खेळण्यांचा सेक्शन म्हणजे कपडे, भांडी, किराणा असं सगळं ठेवणाऱ्या मोठ्या दुकानातला खेळण्यांचा भाग, जो बरोबर लहान पोर असेल तर चुकवता येत नाही. लंडनच्या हॅम्लीजसारखं (१७६० पासूनचं, २०१९ मध्ये रिलायन्सने घेतलं) अख्खं दुकानच खेळण्यांचं असणं वेगळं, इथे विषय आहे तो तांदूळ-साबण घ्यायला गेल्यावर मध्येच लागणाऱ्या दोन-चार रॅकांचा.

कोकणात आधी खेळणी म्हणजे जत्रेतले स्टॉल नाहीतर बाजारातलं जनरल स्टोअर. तिथे बॅट, बॉलची जाळी आणि फुगवायचे ससे दाराला टांगलेले, पण चांगली गाडी असली तर ती काचेच्या कपाटात, म्हणजे बघायची झाली तर काउंटरवरच्या काकांना सांगा, काका स्टूल घेणार, खोकं खाली काढणार आणि उघडायच्या आधी आईकडे बघून विचारणार, "नक्की घ्यायचीय ना?" सेक्शनने हे काका मधून काढले. माझ्या मते सगळी ओढ इथेच आहे, हात लावता येतो. रॅक मुलांच्या उंचीला, खोक्याला पुढून भोक पाडून बटण मोकळं ठेवलेलं, आत सेल आधीच घातलेले, दाबलं की सायरन. पोरं काहीही न घेता तासभर रमतात आणि दुकानालाही ते चालतं, कारण तोवर आईबापांची ट्रॉली भरत असते. छोट्या गाड्या मुद्दाम बिलिंगच्या लायनीजवळ ठेवतात, तिथे "माका ह्यांच व्हया" सुरू झालं की मागे उभ्या लोकांसमोर वाद कोण घालणार.

सावंतवाडीची चितार आळी, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या दुकानांची गल्ली, हा याचाच जुना आणि जास्त देखणा प्रकार. लाकडी फळं-भाज्या, भातुकली, बैलगाड्या, भोवरे, पाळणे असं सगळं पार दाराबाहेरपर्यंत मांडलेलं. फळं पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची, ते इतकं हलकं की खऱ्यासारखा दिसणारा आंबा उचलला की मोठं माणूसही दचकतं. बटण नाही, आवाज नाही, जे काय आहे ते रंगाचं. गंमत म्हणजे बरीचशी गिऱ्हाईकं मोठीच, ती शोकेससाठी घेतात आणि घरी गेल्यावर पोराला हात लावू देत नाहीत!

गर्दी मे महिन्यात आणि गणपतीत, चाकरमानी आले की, भाचरांना काहीतरी द्यायलाच लागतं.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे रॅकवरच्या खोक्यावर मार्क जरूर बघावा, कारागिराकडच्या लाकडी बैलगाडीवर शोधत बसू नये.