गरोदरपणात प्रतिकारशक्ती ‘कमी’ होते, हे आले कुठून?

नाशिककडच्या गोठ्यांत गाय व्याली की वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजायची घाई असते. गाईच्या वारेतून, म्हणजे पोटातल्या पिल्लाला पोसणाऱ्या अवयवातून, प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) वासरापर्यंत पोचत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. माकडांचे आणि माणसांचे तसे नाही. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर पिल्लाला पोटाशी धरून फिरणाऱ्या माकडिणीने आपली प्रतिपिंडे त्याला जन्माआधीच, वारेतून दिलेली असतात. गरोदर बाईला दिलेले धनुर्वाताचे इंजेक्शन बाळालाही वाचवते, ते यामुळेच.

जी यंत्रणा दोन जिवांपुरती प्रतिपिंडे पुरवते, तिला आपण ‘कमी’ म्हणतो. दिवस गेलेल्या बाईला घरातल्या म्हाताऱ्या बायकांपासून दवाखान्यापर्यंत सगळे हेच सांगतात. या समजाचे मूळ १९५३ सालच्या एका ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या प्रश्नात आहे. परक्याची कातडी शरीर झिडकारते, मग निम्मा वाटा बापाचा असलेला गर्भ आई कसा सांभाळते? त्याने तीन शक्यता मांडल्या: आई आणि गर्भ यांच्यात आडभिंत असावी, गर्भाची ओळख पटण्याइतकी वाढ झालेली नसावी, किंवा आईची प्रतिकारयंत्रणाच सुस्तावत असावी. लोकांच्या तोंडी राहिली ती तिसरी.

पुढच्या अभ्यासांनी ती टिकू दिली नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाचे अस्तर प्रतिकारपेशींनी गच्च भरलेले असते, आणि वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंद व्हायला त्याच पेशी मदत करतात. फ्लूची लस घेतल्यावर गरोदर बायकांच्या अंगात प्रतिपिंडे इतरांसारखीच तयार होतात. मग १९१८ आणि २००९ च्या फ्लूत त्या जास्त का दगावल्या? पोट वाढले की श्वासपटल वर ढकलले जाते, हृदयावर ताण येतो, आणि काही प्रतिसादांची दिशाही बदलते. हा बदल आहे. त्याला दुबळेपणा म्हणणे मला चूकच वाटते.

‘कमी’ हा शब्द म्हातारपणाला जास्त शोभतो. प्रतिकारपेशी घडवणारी छातीतली थायमस ग्रंथी लहानपणापासूनच आक्रसत जाते, नव्या पेशी घटतात, लस कमी लागू पडते, आणि लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू साठीनंतर नागीण होऊन उठतो. १९३८ साली भारतातून पोर्तो रिकोजवळच्या एका बेटावर सुमारे ४०० माकडे नेली होती. २०१७ च्या वादळानंतर त्यांच्या वंशजांची प्रतिकारयंत्रणा सरासरी दोन वर्षांनी जास्त म्हातारी झालेली आढळली. माणसाच्या हिशेबात ती सात-आठ वर्षे होतात.

आपल्याकडे कोविडची लस १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या, म्हणून त्यांना वगळले. ज्यांना धोका जास्त, त्यांचीच माहिती कुणी गोळा केली नव्हती. एप्रिलमध्ये नाशिकमध्ये खाटा मिळेनात, तेव्हाही त्या लसीविनाच होत्या. परवानगी आली २ जुलैला. तोवर दुसरी लाट ओसरली होती, आणि दारावर आलेल्या आशाताईंना घराघरांतून उत्तर मिळत होते, ‘हिच्यात आधीच शक्ती कमी, लस कशाला?’