एक यंत्र, बारा वावरं

बारा शेतकऱ्यांच्या गटाकडे एकच बीबीएफ, म्हणजे रुंद सरी-वरंब्याचं पेरणी यंत्र. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की सोयाबीन पेरायची घाई सगळ्यांना एकाच आठवड्यात होते. दिवसाला १० एकर धरले तर ६० एकराला ६ दिवस, गणित सोपं आहे. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा सरी येतात. रांगेतल्या नंबर चारच्या भारी काळ्या वावरात पाय रुततो, नंबर सातच्या बरडावर वाफसा आलेला असतो, आणि तिकडे जाणारी पांदण चिखलाने बंद असते. मग फोन सुरू होतात: "भाऊ, वाफसा आला का?" "आला, पण पांदनीत ट्रॅक्टर फसते ना!"

ही रांग मोबाइलवर आणा, असं अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितलं, तर बहुतेक गट पहिल्या आठवड्यात लॉगिनचं पान काढून आणतात. त्यांचा दोष नाही. एका माणसाने एका पडद्यासमोर बसून करायचं काम, एवढंच त्यांना आजवर शिकवलेलं असतं. अनेकांनी मिळून करायच्या कामाला संगणक कसा हातभार लावेल, याचा स्वतंत्र अभ्यास १९८४ पासून 'कॉम्प्युटर सपोर्टेड कोऑपरेटिव्ह वर्क' (सीएससीडब्ल्यू) या नावाने ओळखला जातो. आयरीन ग्रीफ आणि पॉल कॅशमन यांनी एका कार्यशाळेसाठी ते नाव योजलं. आपल्याकडे हा विषय जिथे शिकवला जातो, तिथेही उदाहरणं बहुधा कंपनीच्या कचेरीतली. विदर्भातल्या महाविद्यालयाला इतक्या लांब जायची गरज नाही.

सुरुवात संगणकाशिवाय करावी. १२ कार्डं घ्या. प्रत्येकावर एका शेतकऱ्याचं क्षेत्र (३ ते ८ एकर, एकूण ६०), जमीन भारी की हलकी, आणि पांदण कच्ची की पक्की एवढंच लिहा. यंत्र म्हणून काड्यापेटी चालेल. एक फेरी म्हणजे एक दिवस. फासा टाका: १ किंवा २ आला तर पाऊस. पाऊस पडला की त्या दिवशी सगळं बंद, हलकी जमीन पुढचा एक दिवस आणि भारी जमीन पुढचे तीन दिवस बंद. कच्ची पांदण दोन दिवस. (खऱ्या मातीला हे आकडे माहीत नसतात, पण खेळाला पुरतात.)

पहिला डाव मुक्याने खेळायचा: यादी ठरलेली, नंबरानेच जायचं. काड्यापेटी नंबर चारच्या धुऱ्यावर दोन-दोन दिवस उभी राहते आणि सातवाला नुसता बघत बसतो. दुसऱ्या डावात बोलायची मुभा द्या. अदलाबदल एका वाक्यात होते, पेरणी लवकर उरकते. पण भांडणही याच डावात होतं. चार आणि सात यांनी आपसात ठरवलं, पाच आणि सहाला कुणी विचारलंच नाही. आणि चारची जमीन सुकली तेव्हा त्याला परत कुठे बसवायचं, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. या क्षणी डाव थांबवून विद्यार्थ्यांकडून एकच गोष्ट लिहून घ्यावी: अदलाबदल पक्की व्हायला कोणाकोणाचा होकार लागतो, आणि ती कोणाकोणाला दिसली पाहिजे? यादी हा अंदाज असतो, काम जागेवरची परिस्थिती बघून पुढे सरकतं. मानवशास्त्रज्ञ लुसी सुचमन यांनी १९८७ मध्ये हाच मुद्दा यंत्रं वापरणाऱ्या माणसांचं निरीक्षण करून मांडला होता.

मग गावात जायचं. इथे सत्राची वेळ आडवी येते: खरिपाची पेरणी जून-जुलैत, तोवर वर्ग नीट सुरूही झालेले नसतात. बीबीएफने हरभराही पेरतात, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हंगाम धरावा आणि खरिपासाठी गटाचं मागचं रजिस्टर मागावं. रजिस्टरमधल्या खाडाखोडी सर्वांत मोलाच्या. नाव कुठे खोडलं, समासात काय लिहिलं, कोणाच्या नावापुढे दुसऱ्याचा मोबाइल नंबर आहे, हे टिपायचं. शेवटची गोष्ट नेहमी सापडते: फोन मुलाकडे, वावर बापाचं आणि निरोप सुनेकडे. एक नंबर म्हणजे एक माणूस असं धरून केलेलं ॲप इथेच अडकतं.

पुढचा खड्डा तांत्रिक आहे आणि तो दोन फोन विमान मोडवर टाकून वर्गातच दाखवता येतो. गटाचा सचिव १०:०५ ला बुधवारची सकाळ एकाला देतो. अध्यक्ष वावरात आहे, रेंज दोघांनाही नाही. तो १०:२० ला तीच सकाळ दुसऱ्याला देतो. अध्यक्षाच्या फोनला रेंज आधी आली तर सर्व्हरवर त्याची नोंद आधी पोचते, मागून सचिवाची येते आणि तिला गुपचूप पुसून टाकते. वेळेचा शिक्का बघून ठरवू म्हटलं, तर फोनची घड्याळं पुढेमागे असतात. घड्याळावर विसंबून घटनांचा क्रम लावण्यातली ही अडचण संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच उलगडून दाखवली होती. विद्यार्थ्यांना पेलेल असा उपाय: प्रत्येक नोंदीसोबत, ती करताना रजिस्टरची कितवी आवृत्ती समोर होती ते पाठवायचं. दोघांनीही ४१ वी पाहिली होती. पहिली नोंद आली की रजिस्टर ४२ वर गेलं. दुसरी अजून ४१ म्हणते आहे, म्हणजे टक्कर. सर्व्हरने निवाडा करू नये. दोन्ही नोंदी लाल करून दोघांना दाखवाव्यात, आणि कोण आधी हे गटाने फोनवर ठरवावं.

एवढं जमलं तरी ॲप बंद पडू शकतं, आणि ते बहुधा ट्रॅक्टरचालकापाशी. किती एकर झालं, किती डिझेल लागलं, कुठे थांबलो, हे सगळं त्याने भरायचं. फायदा रांगेतल्यांना आणि हिशेब ठेवणाऱ्याला. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये कचेऱ्यांतल्या सामाईक कॅलेंडरबद्दल हेच दाखवलं होतं: नोंदी सगळ्यांनी ठेवायच्या, सोय मात्र सभा बोलावणाऱ्या साहेबाची. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाकडून दोन रकाने भरून घ्यावेत, कोण भरतो आणि कोणाला मिळतं. चालकाच्या वाट्याला एकच बटण ठेवा, "इथलं झालं", आणि त्याच नोंदीवरून त्याची मजुरी निघू द्या. मग तो ते बटण दाबायला विसरत नाही.

गुण देताना पडदे किती देखणे आहेत ते बाजूला ठेवावं. ॲप येण्याआधी एका पेरणीमागे किती फोन होत होते आणि नंतर किती झाले, हे मोजायला लावा. आकडा शून्यावर आला तर शंका घ्या: लोकांनी ॲप सोडून पुन्हा पारावर बसून ठरवायला सुरुवात केली असेल. कागदी रजिस्टर पहिला पूर्ण हंगाम शेजारी चालू ठेवायचं, आणि दोन्हींत फरक पडेल तिथे खरं रजिस्टर कोणतं, हे आधीच गटाच्या बैठकीत ठरवून पहिल्या पानावर लिहून घ्यायचं.